मदरबोर्डवर रिकामे स्लॉट कशासाठी?

शाळेतल्या संगणकाचं झाकण धूळ काढायला उघडलं की मुलं हमखास विचारतात, "सर, या खाचा रिकाम्याच का?" या खाचा म्हणजे एक्स्पान्शन स्लॉट.

१९८१ च्या आयबीएम पीसीत असे ५ स्लॉट होते. तेव्हा पडद्यावर चित्र दिसायलाही वेगळं कार्ड लागे, फ्लॉपीला आणखी एक. पाच स्लॉट भराभर भरत! १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये ८ स्लॉट आले.

आज आवाज, नेटवर्क, यूएसबी बोर्डवरच असतं. तरी स्लॉट उरलेत, कारण बोर्ड कोण घेणार हे बनवणाऱ्याला माहीत नसतं. कुणाला गेमसाठी ग्राफिक्स कार्ड हवं, कुणाला वायफाय. सगळंच आधी बसवलं तर न वापरणाऱ्यालाही त्याचे पैसे पडतील.

स्लॉट लहानमोठे का? मुलांना रस्त्याचं उदाहरण द्या. लांब पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटला माहितीचे १६ पदर मिळू शकतात, छोट्याला एकच. ग्राफिक्स कार्डाची वाहतूक जास्त, नेटवर्क कार्डाची कमी.

आमच्या लॅबमधल्या एका संगणकाचं नेटवर्क पोर्ट गेलं, तेव्हा "मदरबोर्डच बदला" असा सल्ला मिळाला. तेवढे पैसे कुठून आणणार? शेवटी नेटवर्क कार्ड आणलं. पहिलं जुन्या पीसीआय प्रकारचं निघालं, बसेचना. बदलून आणलेलं छोट्या स्लॉटमध्ये बसलं आणि संगणक पुन्हा चालू झाला. तुम्ही कार्ड घ्यायला जाताना स्लॉटचा मोबाइलवर फोटो काढून न्या. आणि हो, हात घालण्याआधी प्लग काढा.