पिंगलेची झोप

अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ही कथा दत्तभक्तांना नव्याने सांगायला नको. पृथ्वी, वायू, आकाश ही नावं आपण भराभर घेतो. पिंगलेपाशी आलो की मात्र जरा घाईनेच पुढे सरकतो. वेश्येला गुरू मानायचं म्हणजे आपल्यासारख्या गृहस्थांची पंचाईतच! पण मनाच्या आरोग्याचा विचार केला, तर भागवताच्या अकराव्या स्कंधातली हीच गोष्ट मला सर्वांत उपयोगाची वाटते.

विदेह नगरीतली पिंगला नटूनथटून दारात उभी राहिली. रस्त्याने कुणी येताना दिसला की तिला वाटे, हाच येणार, पुष्कळ धन देणार. तो निघून जाई. मग पुढच्याची वाट. आत जायचं, पुन्हा बाहेर यायचं. मध्यरात्र झाली, तोंड सुकलं आणि तिला स्वतःच्या आशेचाच वीट आला. आत जाऊन ती गाढ झोपली. आता नीट पाहा. दार तेच, रात्र तीच, आलं तर कुणीच नाही. बदलला तो फक्त मनात घोळणारा विचार.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली. तिचा गाभा असाच आहे. घडलेला प्रसंग आणि आपलं दुःख यांच्या मध्ये आपला विचार उभा असतो. एलिस यांचा रोख हट्टावर होता, आणि मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो : 'च'. रविवारी मुलाचा फोन यावा, ही इच्छा. आलाच पाहिजे, हा हट्ट. फोन नाही आला, तर इच्छा धरणाऱ्याला वाईट वाटतं, थोडी चुटपुट लागते. हट्ट धरणारा आठ वाजल्यापासून घड्याळ बघतो, ताटावरून उठतो, "आता आमची किंमत संपली" म्हणतो आणि रात्रभर कूस बदलतो. पिंगलेचं दारच नाही का हे?

अशा वेळी "वाईट विचार करायचाच नाही" असं ठरवून भागत नाही. दाबलेला विचार पुन्हा वर येतोच. त्यापेक्षा तो वहीत लिहावा. 'फोन आला नाही' ही घटना. 'तो आम्हाला विसरला' हा आपला तर्क. तर्काला पुरावा काय, ते समोर लिहावं. बहुतेक वेळा ती जागा कोरीच राहते. मग आपणच फोन लावावा की! जपात मन भरकटलं तर आपण माळ फेकून देत नाही, मुकाट्याने पुढचा मणी ओढतो. इथेही तसंच. साठ वर्षांचं वळण आठवड्यात मोडत नाही.

मात्र दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर विसंबू नये. तो आजार असू शकतो. डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेलि-मानस सेवाही आहे, १४४१६ या क्रमांकावर. तिथे मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. औषध सुरू असताना नामस्मरण चालतं, आणि नामस्मरण करणाऱ्याला औषधही चालतं.