कामधंद्याच्या इंग्रजी शब्दांचा पाठ

इंग्रजीच्या तासाला ‘व्हॉट डज युअर फादर डू?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. डॉक्टर, इंजिनिअर, पायलट हे चित्रांखालचे शब्द मुलांना पाठ असतात. परंतु ज्याचे वडील दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जातात अथवा ऊसतोडीस गेलेले असतात, त्या मुलाजवळ शब्दच नसतो. ते गप्प बसते, नाही तर शेजाऱ्याचे उत्तर आपले म्हणून सांगते. शिवाय खेड्यात वडिलांचा धंदा विचारणे हे पुष्कळदा जात विचारण्यासारखेच होते. म्हणून पाठाचा आरंभ वडिलांपासून न करता गावात दिसणाऱ्या कामांपासून करावा, असे माझे मत आहे. ‘हू मेक्स पॉट्स?’, ‘हू ड्राइव्ह्ज द बस?’ असे विचारावे. शेतमजुरास ‘फार्म वर्कर’, ऊसतोड कामगारास ‘केन कटर’, मेंढपाळास ‘शेफर्ड’, लोहारास ‘ब्लॅकस्मिथ’ हे शब्द डॉक्टरच्या आधी फळ्यावर यावेत.

क्रियापदास ‘ई-आर’ जोडून ‘टीचर’, ‘ड्रायव्हर’, ‘वीव्हर’ होतात, हे मुले चटकन उचलतात व त्याच झपाट्यात स्वयंपाक्यास ‘कुकर’ म्हणतात. ‘कुकर’ हे भांडे; माणूस मात्र ‘कुक’च. ‘टेलर’, ‘डॉक्टर’ यांच्या शेवटी ‘ओ-आर’ येते, तेवढे घोकून घ्यावे. आपल्याकडे सुतार, लोहार ही आडनावे आहेत, तशीच इंग्रजांत ‘कारपेंटर’, ‘स्मिथ’ आहेत, हे सांगितल्यास वर्गाला गंमत वाटते.

खरी अडचण ‘काम’ या शब्दाची आहे. मराठीत एकाच शब्दाने भागते. इंग्रजीत ‘वर्क’ आणि ‘जॉब’ असे दोन शब्द लागतात. ‘जॉब’ मोजता येतो, ‘वर्क’ मोजता येत नाही. म्हणून ‘आय हॅव मेनी वर्क्स’ हे वाक्य चुकीचे असून ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क’ असे म्हणावे. ‘वर्क्स’चा एक अर्थ कारखाना असाही होतो. परंतु व्याकरणापेक्षा दुसरी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आईविषयी विचारले असता ‘माझी आई काही करत नाही’ असे उत्तर पुष्कळ मुले देतात, आणि शिक्षकही त्याचे इंग्रजी भाषांतर करून मोकळे होतात. पहाटे पाणी भरणारी, दिवसभर खुरपणारी, रात्री भाकऱ्या थापणारी ती बाई! तिला ‘जॉब’ नसेल, पण ‘वर्क’ आहे. ‘माय मदर वर्क्स ॲट होम अँड इन द फील्ड्स’ हे वाक्य वर्गात प्रत्येकाकडून म्हणवून घ्यावे. दोन शब्दांमधील भेद त्यातूनच उत्तम कळतो.

वाक्प्रचार थोडेच घ्यावेत. ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’ शिकविताना ऐरणीचा अनुभव पुरे. लोखंड निवले की घणाचे घाव वाया जातात. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ यास मात्र प्रस्तावना हवी. इंग्लंडात ऐन उन्हाळ्यातही पाऊस केव्हा येईल याचा नेम नसतो, म्हणून ऊन पडताच कापलेले गवत वाळवून घ्यावे लागते. आपल्याकडे उन्हाची टंचाई नसल्याने मुलांना यातील घाई उमगत नाही. परंतु परतीच्या पावसात कापलेले भात भिजताना ज्यांनी पाहिले आहे, त्या कोकणातील मुलांना पुढे काही सांगावे लागणार नाही.