भिंगाची गवसणी

मुलांनो, घरी कुरआन शरीफ ज्या कापडी वेष्टनात ठेवतात, त्याला तुम्ही जुजदान म्हणता. तंबोऱ्यावर जी कापडी खोळ घालतात, तिला मराठीत 'गवसणी' म्हणतात. तलवारीला म्यान असते, उशीला अभ्रा असतो. दर्ग्यावर चढवतात त्या गिलाफाला मराठीत 'गलेफ' म्हणतात. मोलाच्या वस्तूला माणूस नेहमीच जपून झाकत आला आहे. आज आपण अशाच एका वस्तूच्या गवसणीविषयी वाचू. ती वस्तू म्हणजे कॅमेऱ्याची लांब टेलिफोटो लेन्स.

आमच्या कारंजा लाड गावाजवळ कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. ते २००० साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर आहे. तेथील गवताळ माळावर काळविटांचे कळप चरतात. काळवीट फार सावध प्राणी आहे. माणसाची चाहूल लागताच तो उड्या मारत दूर निघून जातो. त्याच्या जवळ जाणे योग्यही नाही. म्हणून त्याचे चित्र लांबूनच घ्यावे लागते. ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्सने काळवीट जेवढा दिसतो, त्याच्या दहापट मोठा तो ५०० मिलिमीटरच्या लेन्सने दिसतो. मात्र अशी लेन्स लांब, जड आणि महाग असते.

माझ्या भाईजानांचा कारंज्यात फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईच्या कमाईतून दोन वर्षे पैसे बाजूला ठेवून त्यांनी अशी एक लेन्स घेतली. हिवाळ्यात अडाण धरणावर पाहुणे पक्षी येतात. त्यांचे फोटो काढणे हा भाईजानांचा एकमेव शौक होता.

एकदा जानेवारीत मी त्यांच्याकडून कॅमेरा आणि लेन्स मागून घेतली. वर्गातल्या मुलांना आपल्या तालुक्यातला काळवीट दाखवावा, असे माझ्या मनात होते. लेन्सबरोबर तिची स्वतःची पिशवीही होती. पण तिच्यात फक्त लेन्स मावत होती. कॅमेरा जोडलेला असला की पिशवी बंद होत नसे. 'पुन्हा पुन्हा कोण सोडणार आणि कोण जोडणार?' असा विचार करून मी कॅमेरा लेन्ससकट टॉवेलमध्ये गुंडाळला, वह्यांच्या शबनम पिशवीत घातला आणि पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवली.

वाटेत एक खड्डा आला. पिशवी टाकीवर आदळली. मी उघडून पाहिले, तर काच शाबूत होती. मला हायसे वाटले. त्या दिवशी काळवीटही दिसला. पण घरी येऊन फोटो पाहिले, तेव्हा प्रत्येक फोटोची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट होती. कॅमेरा आणि लेन्स जेथे जुळतात, तो धातूचा जोड त्या धक्क्याने किंचित वाकला होता.

लेन्स दुरुस्तीला नागपूरला पाठवावी लागली. ती परत आली तेव्हा मार्च संपत आला होता आणि धरणावरचे पाहुणे पक्षी निघून गेले होते. भाईजान मला रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "पिशवी लहान होती, तर मला सांगायचं होतंस." ते बोलणे मला रागापेक्षाही अधिक लागले. 'अमानत' हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे. तोच मराठीत 'अनामत' झाला. मागून आणलेली वस्तू ही अमानतच असते.

त्यानंतर मी नवी पिशवी घ्यायचे ठरवले. ती निवडताना जे शिकलो, ते तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट मापाची. दुकानात जाण्याआधी घरी पट्टी घेऊन बसावे. कॅमेरा लेन्सला जोडलेला ठेवायचा की वेगळा, हे आधी ठरवावे. समजा, लेन्स २७ सेंटिमीटर लांब आहे आणि कॅमेरा ८ सेंटिमीटर जाड आहे. दोन्ही मिळून ३५ सेंटिमीटर झाले. दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर गादी धरली, तर पिशवी ३९ सेंटिमीटरची हवी. लेन्सच्या तोंडावरचे हूड उलटे बसवले, तर लांबी वाचते. पण रुंदी वाढते. तीही मोजावी. लेन्सखाली तिवईला जोडायचा पाय असतो, त्याला विसरू नये. पिशवी फार सैल असेल, तर वस्तू आत हलते आणि आदळते. फार घट्ट असेल, तर काढताना ओढाताण होते.

दुसरी गोष्ट वजनाची. अशी लेन्स दोन किलोच्या आसपास असते. सारा भार एका अरुंद पट्ट्यावर आला, तर तासाभरात खांदा भरून येतो. पट्टा रुंद आणि मऊ असावा. बराच वेळ चालायचे असेल, तर दोन्ही खांद्यांवर घेण्याची पिशवी बरी. पिशवीत ठेवताना कॅमेऱ्याला धरून उचलू नये, लेन्सला धरून उचलावे. नाहीतर सगळा ताण जोडावर येतो.

तिसरी गोष्ट प्रवासाची. कठीण प्लॅस्टिकची पेटी धूळ आणि पाणी आत येऊ देत नाही. काही पेट्यांवर 'आयपी ६७' असे लिहिलेले असते. त्यातील ६ हा आकडा धुळीसाठी आणि ७ हा पाण्यासाठी असतो. अशी पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली, तरी आत पाणी शिरत नाही. रेल्वेच्या किंवा एसटीच्या प्रवासात ती उत्तम. पण माळावर ती जड पडते, आणि ती उघडेपर्यंत काळवीट दिसेनासा होतो. तेथे कापडी पिशवीच सोयीची.

चौथी गोष्ट हवेची. पावसाळ्यात दमट हवेमुळे काचेवर बुरशी चढते. तिचे जाळे काचेवरचा लेप खाते आणि मग ते पुसून जात नाही. चामड्याची पेटी दिसायला सुंदर असते. पण चामडे ओल धरून ठेवते. म्हणून लेन्स कायम तिच्यात ठेवू नये. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि भिजलेली पिशवी पूर्ण वाळल्याशिवाय बंद करू नये. उन्हाळ्यात विदर्भाचे ऊन तुम्ही जाणताच. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत पिशवी कधीही सोडू नये.

मला हव्या त्या मापाची पिशवी बाजारात मिळाली नाही. शेवटी मी मोटारसायकलची सीट शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने माप घेतले आणि विचारले, "गुरुजी, तुम्ही ही वस्तू उभ्याने काढणार की बसून?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता! त्याने जाड कॅनव्हास आणि फोम वापरून वरून उघडणारी पिशवी शिवली. चेनवर पावसासाठी कापडाची झडप लावली. तळाला फोमचे दोन थर दिले, कारण पिशवी टेकवताना पहिला धक्का तळालाच बसतो.

ती पिशवी मी भाईजानांना दिली. पुढच्या डिसेंबरात त्यांनी अडाण धरणावर जाताना मला हाक मारली आणि पिशवी माझ्याच खांद्यावर दिली. त्या दिवशी मी मोटारसायकलवर मागे बसलो होतो. पिशवी मी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

शब्दार्थ
खोळ – कापडी आवरण
चाहूल – कोणी येत असल्याची जाणीव
शाबूत – न मोडलेले, साबूत
पुसट – अस्पष्ट
हायसे वाटणे – चिंता दूर होणे
तिवई – तीन पायांची घडवंची

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) काळविटाचे चित्र लांबूनच का घ्यावे लागते?
(आ) फोटोची एक बाजू पुसट का आली?
(इ) कारागिराने तळाला फोमचे दोन थर का दिले?

२. भाईजान रागावले नाहीत, तरी लेखकाला वाईट का वाटले? तुमच्या शब्दांत लिहा.

३. लेन्स २५ सेंटिमीटर लांब आणि कॅमेरा ७ सेंटिमीटर जाड आहे. दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर गादी हवी. पिशवीची लांबी किती असावी?

४. 'आकाशाला गवसणी घालणे' म्हणजे फार मोठे काम करण्याची जिद्द धरणे. हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.

५. 'अमानत–अनामत', 'गिलाफ–गलेफ' यांसारख्या उर्दू आणि मराठी शब्दांच्या आणखी तीन जोड्या शोधा.