डॉक्टरांना सगळं सांग गं

अगं, परवा फोनवर बोलता बोलता तू विचारलंस, "ताई, सकाळी अश्वगंधेची कॅप्सूल, रात्री डॉक्टरांची गोळी आणि शनिवारी ऑफिसातल्यांबरोबर दोन ग्लास वाइन. चालतं ना?" माझ्या आजूबाजूला माणसं होती, म्हणून तेव्हा विषय बदलला. आता निवांत लिहिते. नाही, चालत नाही. नुसतं 'नको' म्हटलं तर तुला पटायचं नाही, म्हणून कारणंही सांगते.

आधी गोळी आणि दारूचं बघू. तुझी क्लोनाझेपाम, तशाच अल्प्राझोलाम, एटिझोलाम या सगळ्या चिंता शमवणाऱ्या, एकाच घराण्यातल्या गोळ्या. मेंदूची धावपळ मंदावणारं गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याचा जोर त्या वाढवतात. दारूही तेच करते. दोन्ही पोटात गेल्या की गुंगी चढते, तोल जातो, रात्री काय बोललो ते सकाळी आठवत नाही. प्रमाण वाढलं तर श्वास मंदावतो. झोपेत उलटी झाली तर ती खोकून बाहेर टाकण्याइतकीही शुद्ध राहत नाही. यात जीव जातो, बाई. मी तुला घाबरवायला म्हणून हे लिहीत नाहीये.

"मग शनिवारी गोळी घेत नाही," असं तू म्हणशील. त्यानेही भागत नाही. क्लोनाझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण 30 ते 40 तास लागतात. शुक्रवारी रात्री घेतलेली गोळी शनिवारी संध्याकाळी अंगात असतेच. शिवाय रोजची गोळी मनाने बंद केली तर झोप उडते, हातपाय कापतात, काहींना फिटसुद्धा येते. ही गोळी सोडायची झाली तरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करत सोडायची असते.

आणखी एक. दारूने त्या संध्याकाळी बरं वाटतं, पण ती उतरायला लागली की मेंदू उलट्या बाजूला झुकतो. पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते, उगाचच भीती वाटते. रविवारची तुझी ती घालमेल आठव. तिच्यावर उपाय म्हणून सोमवारी आणखी एक कॅप्सूल घेण्याआधी शनिवारचा ग्लास बाजूला ठेवून बघ.

आता झाडपाल्याकडे येऊ. आयुर्वेदावर माझा राग नाही, हे तुला माहीत आहे. अश्वगंधेने ताण थोडा कमी होतो असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंही आहे. माझा राग आहे तो 'नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय' या वाक्यावर. सर्पगंधाही झाडाचं मूळच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली उच्च रक्तदाबावरचा तिचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगभरचे डॉक्टर तिच्याकडे वळले. पुढे तिच्यातलं रेसरपिन वेगळं काढून त्याच्या गोळ्या झाल्या आणि त्या घेणारे काही रुग्ण खिन्न होतात असंही आढळलं. ज्या मुळात रक्तदाब उतरवण्याची ताकद आहे, ते चुकीच्या औषधाबरोबर घेतलं तर त्रासही देणारच.

मुंबईचंच दुसरं उदाहरण ऐक. शंखपुष्पीचं सरबत घरोघरी मुलांना स्मरणशक्तीसाठी देतात, मोठी माणसं डोकं शांत राहावं म्हणून घेतात. केईएम रुग्णालयात अपस्माराच्या दोन रुग्णांच्या फिट्स फेनिटॉइन या गोळीने आटोक्यात होत्या, त्या अचानक पुन्हा सुरू झाल्या. चौकशी केली तेव्हा दोघंही शंखपुष्पीचं एक तयार औषध घेत होते असं निघालं. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा अभ्यास करून 1992 साली तो प्रसिद्ध केला. त्या औषधामुळे रक्तातलं फेनिटॉइन कमी होतं, असं त्यात दिसलं. सरबत म्हणजे औषध थोडंच, अशा समजुतीने ही गोष्ट सांगायची राहूनच जाते.

तू थायरॉइडची गोळी घेतेस ना? मग अश्वगंधेबद्दल हे वाच. ती थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते. आधीच थायरॉक्सिन चालू असेल आणि त्यात ही भर पडली, तर छाती धडधडणं, हात थरथरणं, घाम, झोप न येणं सुरू होतं. ही सगळी लक्षणं चिंतेचीच वाटतात. चिंता वाढली असं समजून बाई आणखी कॅप्सूल घेते आणि चक्र चालू राहतं. शिवाय अश्वगंधेने स्वतःच झोप येते, रक्तदाब आणि साखर उतरू शकते. त्या त्रासांवरच्या गोळ्या चालू असतील तर दोन्हींचा परिणाम एकत्र होतो. गरोदरपणात तर ती टाळायचीच. काही जणांच्या यकृताला तिने इजा झाल्याचीही नोंद आहे, आणि दारूचा भारही त्याच यकृतावर पडतो. खाज, पिवळे डोळे, गडद लघवी यांतलं काही दिसलं तर लगेच बंद करून तपासून घे. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधा असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदीच घातली. आपल्याकडे ती मिळते, म्हणून सगळ्यांनी सगळ्याबरोबर घ्यावी असं होत नाही.

अश्वगंधारिष्ट आणि सारस्वतारिष्टही जरा जपूनच. आसव-अरिष्टं आंबवून करतात, त्यामुळे त्यांत आपोआप मद्यार्क तयार होतो. साधारण 5 ते 10 टक्के, बाटलीवर छापलेलंही असतं. चार चमच्यांत तो फारसा नसतो. पण दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम चालू असलेल्या माणसाला तेवढ्यानेही चेहरा लाल होणं, धाप लागणं, उलट्या असा त्रास होऊ शकतो. आपल्या ओळखीत असं कुणी असेल तर एवढं त्याच्या बायकोच्या कानावर घाल.

आणि ऑनलाइन मिळणारं सेंट जॉन्स वॉर्ट मागवू नकोस. उदासीवरची जडीबुटी म्हणून ते विकतात. एस्सिटालोप्रामसारख्या उदासीवरच्या गोळीबरोबर घेतलं तर शरीरातलं सेरोटोनिन धोक्याइतकं वाढू शकतं. ताप, थरथर, घाम, गोंधळलेपण ही त्याची लक्षणं. शिवाय यकृतात औषधं मोडण्याचा वेग ते वाढवतं, म्हणून गर्भनिरोधक गोळ्याही निकामी होऊ शकतात.

आता काय करायचं ते सांगते. आज घरातल्या सगळ्या बाटल्या-डब्यांची लेबलं वाचता येतील असे फोटो काढ. आयुर्वेदिक चूर्ण, झोपेच्या गमीज, थायरॉइड, ॲसिडिटी, सर्दीच्या गोळ्या, काहीही वगळू नकोस. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांतही गुंगी आणणारं औषध असतं. ती यादी मानसोपचारतज्ज्ञांना दाखव आणि वैद्यांनाही दाखव. दोघांना एकमेकांची औषधं माहीत असायला हवीत. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही दाखव. डॉक्टरांची भेट होईपर्यंत कॅप्सूल थांबव, रोजची गोळी मात्र थांबवू नकोस. आणि गोळी चालू आहे तोवर दारू नाही. पार्टीत हातात लिंबू-सोडा धर, कारण कुणालाही द्यावं लागत नाही.

कधी कुणी गोळी आणि दारू घेऊन झोपलं, हाका मारूनही उठत नाही, श्वास मंद किंवा घरघर करतोय, ओठ निळसर दिसतायत, तर 'झोपू दे, उतरेल' म्हणायचं नाही. कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही आणि 108 ला फोन करायचा. औषधांची पाकिटं बरोबर न्यायची. आणि रात्री मन फारच घाबरं झालं तर टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर 14416 आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

शेवटचं आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं. मला माहीत आहे, तू डॉक्टरांना वाइनचं सांगितलेलं नाहीस. बायकांनी दारूचं बोलायचं म्हणजे आपल्याकडे लाज वाटते. पण जे त्यांना ठाऊकच नाही, ते धरून ते औषध कसं ठरवणार? तू सांगितलेलं ते सहसा तुझ्या परवानगीशिवाय आईबाबांपर्यंत पोचवू शकत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. तेव्हा किती ग्लास, आठवड्यातून किती वेळा, अगदी खरं सांग. ते रागावले तरी चालेल, पण त्यांनी चुकीच्या माहितीवर औषध देऊ नये. ह्याच आठवड्यातली वेळ घे आणि मला कळव. तुला हवं असेल तर मी बरोबर येते, बाहेर बाकावर बसून राहीन.