पेढीवरील संगणक आणि दोन रोजकीर्दी

आमच्या परिचयाच्या एका पेढीवर मे महिन्यात असे आढळून आले की, एकाच अनुक्रमांकाची बिले दोन निरनिराळ्या ग्राहकांस गेली आहेत. केंद्रीय वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या नियमावलीतील ४६ व्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो. तेव्हा प्रकरण साधे नव्हते. संशय प्रथम मुनीमजींवर गेला, आणि तो सर्वस्वी अन्यायाचा होता.

सहसा प्रोग्रॅम सुरू होताच आपली सेटिंगची फाइल शोधतो. हिशेबाची दप्तरे कोणत्या फोल्डरात आहेत, हे त्याला तीतूनच कळते. जुन्या काळचे प्रोग्रॅम ही फाइल आपल्याशेजारीच, 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरात ठेवीत. परंतु २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून त्या फोल्डरात लिहिण्यास सामान्य वापरकर्त्यास मज्जाव झाला. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून विंडोजने एक तोड काढली. असा प्रोग्रॅम तेथे लिहू लागला की, फाइलची एक प्रत त्या वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा', त्यातील 'लोकल', त्यातील 'व्हर्च्युअलस्टोअर' या फोल्डरात गुपचूप तयार होते आणि पुढे त्या वापरकर्त्याला तीच वाचून दाखविली जाते. मूळ फाइल जशीच्या तशी राहते.

येथे नेमके तेच घडले होते. शेठजींनी मार्चअखेर दप्तरांची नक्कल दुसऱ्या ड्राइव्हवर नेऊन आपल्या नावाने लॉगिन करून प्रोग्रॅमात नवा मार्ग घातला. मुनीमजींचे लॉगिन वेगळे. त्यांचा प्रोग्रॅम मूळ फाइल वाचून जुन्याच दप्तरात लिहीत राहिला. गंमत अशी की, शेठजींनी मूळ फाइल नोटपॅडने उघडली तेव्हा त्यांनाही जुनाच मार्ग दिसला, कारण नोटपॅडला ही सवलत लागू नाही. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडलेला प्रोग्रॅमही मूळ फाइलच वाचतो.

असा संशय येताच प्रथम दोन्ही दप्तरांची नक्कल काढून ठेवावी. नंतर टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' पानावर 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' हा रकाना दाखवून घ्यावा. प्रोग्रॅमपुढे 'एनेबल्ड' असल्यास प्रत्येक लॉगिनचे 'व्हर्च्युअलस्टोअर' पाहावे. 'ॲपडेटा' हे फोल्डर लपविलेले असते, हे विसरू नये. तरीही उलगडा न झाल्यास मायक्रोसॉफ्टचे विनामूल्य 'प्रोसेस मॉनिटर' चालवावे. प्रोग्रॅमने कोणती फाइल कोठे मागितली, हे ते ओळीओळीने दाखविते. 'नेम नॉट फाउंड' म्हणजे तेथे शोधली, पण सापडली नाही.

सापडलेली प्रत पुसू नये. प्रोग्रॅम बंद करून तिचे नाव तेवढे बदलावे. कायमचा उपाय म्हणजे प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'बाहेर, सर्व वापरकर्त्यांस लिहिण्याची मुभा असलेल्या स्वतंत्र फोल्डरात बसविणे. लिब्रेऑफिससारखे नवे प्रोग्रॅम तर प्रत्येकाची सेटिंगे मुळातच 'ॲपडेटा'तील 'रोमिंग'मध्ये वेगळी ठेवतात. तेथे एकाने केलेला बदल दुसऱ्यास दिसत नाही, हा दोष नव्हे.

त्या पेढीवर मार्ग एक झाला, पण दोन रोजकीर्दी मुनीमजींनाच बिलागणिक ताडून एक कराव्या लागल्या. दुबार क्रमांकांच्या बिलांचे काय करावयाचे, तो प्रश्न करसल्लागारांकडे गेला.