दंड भरला की हिशेब फिटला?

खेळाचे मैदान म्हणजे एक लहानसे राज्यच होय. तेथे कायदा असतो, न्यायाधीश असतो आणि शिक्षाही असते. म्हणूनच कायद्याच्या तत्त्वज्ञानातला एक अवघड प्रश्न मैदानावर सोप्या रूपात पाहावयास मिळतो. नियम चुकून मोडणे वेगळे आणि जाणूनबुजून मोडणे वेगळे, हे सर्वांना मान्य आहे. परंतु जो जाणूनबुजून नियम मोडतो आणि मुकाट्याने शिक्षाही भोगतो, त्याला काय म्हणावे? ‘दंड भरला, हिशेब फिटला’ हे त्याचे म्हणणे बरोबर आहे काय? प्रस्तुत लेखात एवढाच विचार करावयाचा आहे.

आठवडे बाजारात टोपली मांडून बसणारी बाई जागेची पावती फाडते. एस.टी.त विनातिकीट सापडलेला प्रवासीही पावती फाडतो. दोघांच्याही खिशातून पैसेच जातात. मग फरक कोणता? अमेरिकन न्यायाधीश होम्स यांनी १८९७ साली एका व्याख्यानात सांगितले, की कायदा म्हणजे नेमके काय हे कळावयास हवे असेल तर दुर्जनाच्या नजरेने पाहावे. त्याला कर्तव्याशी कर्तव्य नसते. आपल्यावर काय ओढवेल एवढेच तो पाहतो. त्याच्या लेखी दोन्ही पावत्या सारख्याच. इंग्रज विचारवंत हार्ट यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात ही नजर अपुरी असल्याचे दाखविले. कर आणि दंड दोन्ही पैशांतच द्यावे लागतात. पण दंडाच्या मागे ‘हे करू नये’ अशी आज्ञा असते, कराच्या मागे ती नसते. दंड ही परवानगीची किंमत नव्हे.

आता मैदानाकडे वळू. २ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्ग येथे फुटबॉलच्या विश्वचषकात उरुग्वे आणि घाना यांचा सामना १-१ असा बरोबरीत होता. जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी घानाचा चेंडू गोलात शिरत असताना उरुग्वेच्या सुआरेझने तो हाताने अडविला. तो गोलरक्षक नव्हता. पंचांनी त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढले आणि घानाला पेनल्टी दिली. ती गोलच्या आडव्या दांडीवर आदळली. पुढे पेनल्टींच्या फैरीत उरुग्वेने ४-२ असा विजय मिळविला. शिक्षा नियमाप्रमाणे झाली, पण हिशेब फिटला असे घानाच्या खेळाडूंना कसे वाटावे?

आपल्या कबड्डीत या प्रश्नाचे वेगळे उत्तर सापडते. पकड हातपाय किंवा धड धरूनच करावयाची असते. कोणी चढाई करणाऱ्याचे केस वा कपडे धरून त्याला रोखले, तर तो बाद ठरत नाही. म्हणजे नियमभंगातून जे मिळवावयाचे, तेच हातातून काढून घेतले जाते. फुटबॉलचा नियम गुन्हेगाराला शिक्षा करतो, पण लुटीचा माल त्याच्याकडेच राहू शकतो. कबड्डीचा नियम आधी माल परत करावयास लावतो.

कायद्यातही हे तत्त्व आहे. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एका नातवाने मृत्युपत्राप्रमाणे मिळणाऱ्या मालमत्तेसाठी आजोबांना विष घालून मारले. खुनी वारसाला मालमत्ता देऊ नये, असे तेथील मृत्युपत्राच्या कायद्यात कोठेही लिहिलेले नव्हते. तरीही १८८९ साली न्यायालयाने ती नाकारली, कारण स्वतःच्या दुष्कृत्याचा लाभ कोणालाही घेता येऊ नये. कायद्यात नियमांखेरीज अशी तत्त्वेही असतात, हे ड्वॉर्किन यांनी १९६७ साली याच खटल्याच्या आधारे मांडले. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ मध्ये ही गोष्ट स्पष्टच लिहिली आहे.

परंतु सर्वच फटी नियमांनी बुजत नाहीत. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी सामन्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. तेव्हा काठेवाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. त्याने पराभव पत्करला, म्हणजे किंमत मोजली. पण त्या नऊ धावा कोणता पंच भरून देणार? निंबाळकरांना पुढे कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

येथे कोणी विचारील, नियम मोडणारे सारेच दोषी, तर आपल्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर आपण कोणाला वंदन करतो? भाई कोतवाल स्वतः वकील होते. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी ते व हिराजी पाटील सिद्धगडावर हुतात्मा झाले. कायदा त्यांनीही जाणूनबुजूनच मोडला. उरुग्वेच्या लोकांना सुआरेझचा त्यागही असाच मोठा वाटला असेल. तथापि दोहोंत मूलभूत भेद आहे. परक्यांचे राज्य कोतवालांनी निवडलेले नव्हते. त्या कायद्यास त्यांची संमती कोणी विचारली नव्हती आणि तो उलथून टाकावा हेच त्यांचे उघड म्हणणे होते. खेळाडू मात्र स्वखुशीने मैदानात उतरतो. नियम नाहीसा व्हावा असे त्याला मुळीच वाटत नसते. समोरच्याने तो पाळावा, आपल्यापुरती तेवढी सूट असावी, एवढीच त्याची इच्छा असते. अन्याय्य कायद्याविरुद्धचे बंड आणि न्याय्य नियमातून स्वतःला दिलेली सूट यांना एकच नाव देणे योग्य नाही.

तात्पर्य, नियम करणाऱ्यांनी कबड्डीचा धडा घ्यावा आणि नियमभंगाचा लाभ आधी काढून घ्यावा. जेथे तसे करता येत नाही, तेथे खेळाडूचे मन हाच शेवटचा पंच उरतो. दंड भरल्याने शिक्षा संपते, पण प्रतिपक्षाचे देणे त्यामुळे फिटतेच असे नाही. आज आपण मैदानावर असा हिशेब करावयास शिकलो, तर उद्या कचेरीत, ग्रामपंचायतीत आणि परीक्षेच्या दालनातही तसाच करू. म्हणून हा प्रश्न केवळ खेळाडूंचा नाही, तुम्हा-आम्हा सर्वांचा आहे.