तुळशीचा वास आणि फळमाशीचे मीलन

सकाळच्या वेळी अंगणातील तुळशीच्या मंजिऱ्यांवर पिवळसर-तपकिरी, माशीसारखे कीटक चिकटून बसलेले आपण पाहिले असतील. ही आंबा-पेरूवरील फळमाशी होय. (पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे ती वेगळी.) नीट पाहिल्यास ते सर्व नर असतात, मादी क्वचितच सापडते.

तुळशीत मिथाईल युजेनॉल हे सुगंधी द्रव्य असते. नर ते चाटतो आणि त्याच्या शरीरात त्याचे रूपांतर होऊन ते मागील भागातील ग्रंथीत साठते. दिवस मावळताना तो पंख फडफडवून हाच गंध हवेत सोडतो व मादी त्याकडे ओढली जाते. असा नर उपाशी नरापेक्षा मीलनात सरस ठरतो, असे प्रयोगांत आढळून आले आहे.

ही ओढ प्रथम आपल्याच देशात लक्षात आली. बिहारमधील पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ हाउलेट यांनी 1912 साली सिट्रोनेला तेलाकडे नरमाश्या येतात हे नोंदविले आणि 1915 मध्ये मिथाईल युजेनॉलचा प्रभाव दाखवून दिला. पुढे 1960च्या दशकात प्रशांत महासागरातील रोटा बेटावर याच द्रव्यात कीटकनाशक मिसळून या माशीचे निर्मूलन करण्यात आले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळाही याच तत्त्वावर चालतो.

पिंपळनेरला एका बागायतदाराने मला माश्यांनी भरलेला सापळा मोठ्या कौतुकाने दाखविला. शेजारीच पेरू मात्र किडलेले! सापळा लावला तेव्हा फळे पिवळी पडू लागली होती. नर वयात आल्यावरच या वासाकडे येतो, आणि एक नर अनेक माद्यांशी मीलन करतो. उशिरा लावलेल्या सापळ्यात नर मरतात खरे, पण फळलेली मादी सालीखाली अंडी घालतच राहते. शिवाय एकदा हे द्रव्य पोटभर खाल्लेला नर काही काळ सापळ्याकडे फारसा फिरकत नाही.

म्हणून तोडणीच्या दीड-दोन महिने आधी, एकरी साधारण चार सापळे सावलीत टांगावेत व आमिष वेष्टनावरील सूचनेनुसार बदलावे. आंबे बहाराचा पेरू पावसाळ्यात येतो. त्यावर प्रादुर्भाव अधिक, तेथे हयगय नको. गळलेली फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरावीत, कारण अळी फळातून निघून मातीत कोष करते. रोटा हे बेट होते, आपले शिवार तसे नाही, शेजाऱ्याच्या बागेतून माशी येतेच. पांझरेकाठच्या बागायतदारांनी एकाच आठवड्यात सापळे लावले तर खर्च तोच राहून फरक पडेल.

कारली, दोडका, काकडी लावणाऱ्यांनी मात्र दुकानात स्पष्ट सांगावे. वेलवर्गीय पिकांवरील माशी वेगळ्या जातीची असून ती मिथाईल युजेनॉलला येत नाही. तिच्यासाठी क्यू-ल्यूर मागावे.